मदत हवी आहे: 'सेक्युलर'ला मराठी शब्द (आज संध्याकाळपर्यंत)

पंचगंगाघाट: 'सेक्युलर'ला नेमका मराठी शब्द कुठला? 'धर्मनिरपेक्ष' लिहून बघितलं, विचित्र वाटतंय. कोशात पाच-सहा शब्द दिलेत, कुठला घ्यायचा कळेना. फ्लेक्स सहाला छपाईला जाणार. लवकर सांगा.

शब्दवेडा: कशाला लावायचाय? राज्याला, माणसाला, शिक्षणाला की वस्तूला? सगळीकडे एकच शब्द चालत नाही.

रंकाळावेस: 'धर्मनिरपेक्ष'च. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत तोच आहे, १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीपासून.

करवीर७: हिंदी प्रतीत 'पंथनिरपेक्ष' आहे आणि तोच बरोबर. धर्म म्हणजे कर्तव्यसुद्धा. राज्य कर्तव्याशी निरपेक्ष कसं राहील?

रंकाळावेस: प्रश्न मराठीचा आहे. आजच्या मराठीत 'तुमचा धर्म कोणता' असं विचारलं तर कुणी कर्तव्य सांगत नाही.

शब्दवेडा: दोघंही राज्याबद्दल बोलताय. त्याच हिंदी प्रतीत कलम २५(२)(क) बघा. धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय वा अन्य 'सेक्युलर' व्यवहारांना तिथं 'लौकिक' म्हटलंय. देवळातली पूजा धार्मिक, देवळाच्या गाळ्यांचं भाडं लौकिक. इंग्रजीत एक शब्द, हिंदीत दोन करावे लागले.

आलेख: 'सेक्युलर ट्रेंड' असेल तर 'दीर्घकालीन कल' लिहा. मूळ लॅटिन 'सेक्युलम' म्हणजे युग, पिढी. खगोलशास्त्रातही तोच अर्थ, धर्माचा संबंध नाही.

पंचगंगाघाट: ट्रेंड नाही हो, इमारती आहेत! जुन्या कोल्हापूरच्या फोटोंचं प्रदर्शन, दोन दालनं. एकात देवळं, दर्गे, चर्च. दुसऱ्यात न्यू पॅलेस, टाउन हॉल, खासबाग मैदान, तालमी. दुसऱ्या दालनाला 'लौकिक वास्तू' लिहू का?

शब्दवेडा: हे आधी सांगायचं. 'लौकिक' नको. कलेच्या इतिहासात तो याच अर्थाने चालतो, पण पाटी वाचणाऱ्याला 'शाळेचा लौकिक' आठवणार, म्हणजे नावाजलेल्या वास्तू. मग अंबाबाईचं देऊळ नावाजलेलं नाही का? 'ऐहिक' सुखाला, वैभवाला लागतो. ऐहिक टाउन हॉल कानाला खटकतं. 'इहवादी' तर नकोच, वाद म्हणजे मत, आणि इमारतीला मत नसतं. 'धर्मनिरपेक्ष'चीही तीच अडचण: निरपेक्षता ही भूमिका आहे, ती राज्य घेतं, संस्था घेते. 'निधर्मी' म्हणजे धर्म न मानणारा. आणि घाईत 'अधार्मिक' छापू नका, त्याचा अर्थ धर्माविरुद्ध, पापी असा होतो. तुम्हाला फक्त 'धार्मिक सोडून बाकीच्या' एवढंच सांगायचंय. धार्मिक अधिक इतर, 'धार्मिकेतर वास्तू'.

तांबडीमाती: एवढा जड शब्द कशाला भावा? 'नागरी वास्तू' लिही, सुटसुटीत.

शब्दवेडा: नागरी म्हणजे शहरी, मग गावाकडचा वाडा कुठं लावणार? शिवाय 'नागर' हे देवळाच्या शिखराच्या शैलीचं नाव आहे. वास्तुकला शिकलेला माणूस नेमका उलट अर्थ घेईल.

तांबडीमाती: मग तालमीचं काय? आत मारुती असतोच. आखाड्यात उतरताना आधी त्याच्या पाया पडतात.

शब्दवेडा: वास्तू कशासाठी बांधली ते बघायचं. तालीम कुस्तीसाठी, मारुती आत आहे म्हणून ते देऊळ होत नाही. तमाशातही गणाने सुरुवात होते, तरी वगाला कुणी धार्मिक म्हणत नाही. खरा पेच भवानी मंडपाचा आहे. वाड्याचा भाग, पण आत भवानीचं देऊळ. दर्शनी भागाचा फोटो दुसऱ्या दालनात, गाभाऱ्याचा पहिल्यात, आणि दोन्हीखाली तशी ओळ द्या.

करवीर७: तरी उद्देशिकेत पंथनिरपेक्षच हवं होतं.

रंकाळावेस: त्यासाठी वेगळा धागा काढा.

पंचगंगाघाट: 'धार्मिकेतर वास्तू' घेतोय. त्याखाली लहान अक्षरात 'राजवाडे, तालमी, मैदाने'. भवानी मंडपाचे दोन्ही फोटो वेगळे काढलेत.

तांबडीमाती: फ्लेक्सची रुंदी किती? तीन फूट असेल तर शब्द एका ओळीत मावतोय का बघून घे. 'धार्मिके' वर आणि 'तर' खाली गेलं तर कुणाला कळायचं नाही.

पंचगंगाघाट: अडीच फूट. अक्षर लहान करायला सांगतो.