‘ॲथलेटिक’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न, अटलांटाहून

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर लेख लिहितोय. फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा. विषय २०२१ च्या संघाची बचावफळी. एकाच वाक्यावर चार दिवस अडकलोय: बचावात अंगाने मोठे गडी घ्यावेत, की ‘ॲथलेटिक’ गडी?

पहिल्या खर्ड्यात ‘खिलाडूपणा’ लिहिलं होतं. संपादिकाबाईंनी समासात विचारलं, ‘म्हणजे हरल्यावर हात मिळवतात तो?’ बरोबर आहे त्यांचं. ‘ॲथलेटिक’ तसंच ठेवावं, तर आपल्याकडे ॲथलेटिक्स म्हटलं की शंभर मीटर, लांब उडी, गोळाफेक. आणि ‘साइज’साठी ‘आकार’ लिहिला की माणसाचा भोपळा होतो. सुचवा काहीतरी.

उत्तर, कोल्हापूरहून

साइजची काळजी सोडा, तिथे आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. धिप्पाड, दणकट, थोराड, अगडबंब, आडदांड. फक्त एकाच्या जागी दुसरा बसवू नका. आडदांड म्हणालात की तो कुणाचं ऐकत नाही असा वास येतो. अगडबंब म्हटलं की हसू येतं. थोराड म्हणजे आठवीतलं पोरगं बारावीतलं वाटतं ते. साधं बोलायचं तर ‘हाडापेराने मोठा’ लिहा, त्यात चरबी येत नाही, सांगाडा येतो. नामच हवं असेल तर ‘चण’ आहे. लहान चणीचा आपण सर्रास म्हणतो, मोठ्या चणीचा जरा कमी ऐकू येतं, पण खटकत नाही.

उत्तर, पुण्याहून

‘देहयष्टी’ का नको? आणि दुसऱ्याला सरळ ‘चपळाई’. शंभर वर्षं वापरातला शब्द असताना एवढं शोधायचं कशाला?

कोल्हापूरहून पुन्हा

यष्टी म्हणजे काठी हो! काठी म्हटल्यावर शेलाटा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘अंगकाठी’तही काठीच आहे म्हणा, पण वापरून वापरून ती इतकी झिजलीय की कुणाला ऐकू येत नाही. म्हणून ‘धिप्पाड अंगकाठी’ खपून जातं. ‘धिप्पाड देहयष्टी’ वाचताना मात्र मला ठेच लागते. वैयक्तिक मत.

प्रश्नकर्ता

चपळाईवरच तर गाडी अडलीय. सांगतो कुठे.

त्या बचावफळीच्या मधोमध जॉर्डन डेव्हिस नावाचा गडी होता. उंची ६ फूट ६ इंच, वजन जवळपास १५५ किलो. २०२२ साली व्यावसायिक संघांनी चाचणी घेतली, तेव्हा हा ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, ४.७८ सेकंदांत धावला. मी धावताना पाहिलंय, पहिल्या तीन पावलांतच वेग पकडतो. आता याला ‘चपळ’ म्हणून बघा. चपळ म्हटलं की मराठी वाचकाला खार दिसते, हरीण दिसतं, फार तर मुंगूस. मोठा आणि चपळ एकत्र आले की वाक्यात आपोआप ‘असूनही’ घुसतं: ‘धिप्पाड असूनही चपळ’. मला ते ‘असूनही’च नकोय. इंग्रजी शब्दात ती अडचण नाही, तो किलो विचारत नाही.

दुसरं म्हणजे चपळाईत वेग आणि वळणं येतात. उभ्या जागेवरून घेतलेली उसळी, धक्का बसल्यावर सावरलेला तोल, ते कुठे येतं? त्याच संघातला ट्रॅव्हॉन वॉकर १२३ किलोंचा, तेच अंतर ४.५१ सेकंदांत. त्या वर्षी व्यावसायिक संघांनी केलेल्या निवडीत पहिलं नाव त्याचंच होतं.

उत्तर, ठाण्याहून

मी कबड्डीवाला. चढाई करणाऱ्याला आम्हीही चपळ म्हणतो, पण कोपऱ्यावर उभं राहून घोटा धरणाऱ्याला म्हणत नाही. त्याच्याबद्दल म्हणतात, ‘याचं अंग हलकं आहे’. वजन कमी आहे असा अर्थ नव्हे. हाक मारल्यासरशी अंग उठतं, असा. आमच्याकडे पुरुषांना ८५ किलोंची मर्यादा असते, त्यामुळे १५५ किलोंच्या माणसावर हा शब्द घासून बघायची वेळ आली नाही. कुस्तीवाले बघा काय म्हणतात.

कोल्हापूरहून

तालमीत ‘पाय हलका’ म्हणतात. अंगाने जड, पायाने हलका. जड पैलवानाबद्दल याहून मोठं कौतुक नाही.

पुण्याहून

‘हलका’ जपून वापरा. ‘हलका खेळाडू’ म्हणजे सुमार खेळाडू, हलक्या मालासारखा. हलक्या हाताचा म्हणजे नाजूक हाताचा, आणि हलक्या कानाचा म्हणजे कुणीही सांगावं आणि याने ऐकावं! अवयव बदलला की अर्थ पालटतो. ‘पायाने’ गाळलंत तर तुमच्या नायकाचा अपमान होईल. (चपळाई मी मागे घेतलेली नाही. मर्यादित ठिकाणी ती हवीच.)

प्रश्नकर्ता

हे मर्यादित ठिकाण कोणतं ते आज लेख लिहिताना कळलं. तीन काळांवर शब्द घासून पाहिले.

एक, मायामी विद्यापीठाचा संघ (पुढचे नेब्रास्का, अलाबामा हेही विद्यापीठांचेच). १९८४ ते १९८८ जिमी जॉन्सन तिथे प्रशिक्षक होते. अगदी मागच्या फळीतला सेफ्टी पुढे आणून मधल्या फळीतला लाइनबॅकर करायचा, लाइनबॅकर आणखी पुढे आणून थेट पुढच्या फळीच्या, म्हणजे लाइनीच्या, टोकाला उभा करायचा, ही त्यांची पद्धत. प्रत्येक जागी नेहमीपेक्षा लहान चणीचा, पण जास्त पळणारा माणूस. १९८७ चं विजेतेपद त्यावर मिळालं. पुढे जानेवारी १९९२ मध्ये मायामीने नेब्रास्काला २२–० हरवलं. मग आडव्या हाडाचे गडी जमवणाऱ्या नेब्रास्कानेही बचावाची मांडणी बदलली, सेफ्टी पुढे आणले, आणि १९९४ व १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली. इथे ‘चपळाई’ फिट बसते. पुणेकरांना एक गुण.

दोन, अलाबामा, २००९. टेरेन्स कोडी, १६० किलोंच्या आसपास. हा पळायला नव्हताच. मध्ये खुंटा रोवल्यासारखा उभा राहायचा आणि समोरचे दोघे स्वतःवर गुंतवून ठेवायचा, म्हणजे मागचे मोकळे. टेनेसीविरुद्ध मात्र शेवटच्या चेंडूला किक अडवली आणि संघ १२–१० ने जिंकला. याला मी ‘धिप्पाड’ लिहिलंय, बिनदिक्कत.

नंतर आक्रमणं बदलली. खेळाडू ५३ यार्डांच्या रुंदीभर पांगून उभे राहू लागले, आणि एक चाल संपते न संपते तोच दुसरी. खुंट्याला आडवं धावावं लागलं, वर गडी बदलायलाही उसंत नाही. अलाबामानेही मग अंगं उतरवली.

तीन, जॉर्जिया. इथे ‘की’ हाच शब्द चुकतो. मोठे ‘की’ चपळ, असा प्रश्न त्या संघाला लागूच पडत नाही. १० जानेवारी २०२२ ला त्यांनी अलाबामाला ३३–१८ हरवलं, १९८० नंतरचं पहिलं विजेतेपद. पुढच्या निवडीत पहिल्या फेरीतच त्या एका बचावफळीतले पाच जण गेले.

तर वाक्य असं केलंय: ‘हाडापेराने मोठे आणि पायाने हलके असे गडी त्यांनी जमवले.’

ठाण्याहून

‘अंगाने हलके’ का नाही?

प्रश्नकर्ता

तेच लिहिलं होतं. बाबा सांगलीहून आलेत, त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘१५५ किलोंचा माणूस अंगाने हलका? वजनकाटा बिघडलाय का तुमच्याकडचा?’ म्हणून पाय.

पुण्याहून

बाबांना नमस्कार सांगा. आणि ‘गडी’ खाली टीप द्या, इथली मुलं घरगडी समजतील.