लिनक्सवर प्रोप्रायटरी पीडीएफ रीडर : ‘थांबा’ म्हणणारा फॉर्म उघडतो, पण सेव्ह होत नाही

प्रश्न

मी ६४ बिटचे लिनक्स वापरतो. एका संस्थेकडून मला भरून परत पाठवण्यासाठी एक पीडीएफ फॉर्म आला आहे. सोबतच्या पत्रात तो अकरा पानांचा असल्याचे लिहिले आहे. मात्र ऑक्युलर आणि एव्हिन्स या दोन्ही पीडीएफ रीडरमध्ये उघडल्यावर मला एकच पान दिसते. त्या पानावर ‘कृपया थांबा, हा संदेश जाऊन खरा मजकूर दिसला नाही तर तुमचा पीडीएफ रीडर या प्रकारचा दस्तऐवज दाखवू शकत नसेल’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे. मी भाबडेपणाने दहा मिनिटे थांबूनही पाहिले.

त्यानंतर एका जुन्या प्रोप्रायटरी रीडरची, म्हणजे ॲडोबी रीडर ९ ची, लिनक्स आवृत्ती मी मिळवली. ती चालवताच टर्मिनलने ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असे सांगितले, वास्तविक ती फाइल त्याच डिरेक्टरीत होती, तिला चालवण्याची परवानगीही दिलेली होती. इकडेतिकडे शोधून काही ३२ बिटची पॅकेजे बसवल्यावर रीडर सुरू झाला आणि फॉर्मची अकराही पाने दिसली. तीन पाने भरून सेव्ह करायला गेलो, तेव्हा या फॉर्ममध्ये टाइप केलेली माहिती जतन करता येणार नाही, प्रत हवी असल्यास छापून घ्या, असे उत्तर मिळाले. संस्थेला मात्र भरलेली पीडीएफ फाइलच हवी आहे.

माझे प्रश्न असे आहेत. समोर असलेली फाइल ‘नाही’ असे का सांगितले गेले? सेव्ह करण्यास नकार का मिळाला? आणि इतका जुना रीडर संगणकावर ठेवणे कितपत शहाणपणाचे आहे?

उत्तर १

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण या संदेशाने आजवर पुष्कळांना चकवले आहे.

‘नाही’ असे जिच्याबद्दल सांगितले जाते, ती फाइल आपण चालवायला घेतलेली नसते. प्रत्येक डायनॅमिक (म्हणजे चालताना बाहेरच्या लायब्ऱ्या जोडून घेणाऱ्या) प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच, मला चालवण्यासाठी अमुक लोडर (त्या लायब्ऱ्या जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम) लागेल, अशी नोंद असते. ३२ बिटच्या इंटेल प्रोग्रॅमसाठी तो लोडर म्हणजे लिब डिरेक्टरीतील ‘एलडी-लिनक्स.एसओ.२’. केवळ ६४ बिटची पॅकेजे असलेल्या यंत्रावर ही फाइल नसते, त्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘फाइल सापडली नाही’ असा त्रुटीसंकेत परत देतो आणि शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तो संकेत आपण लिहिलेल्या नावापुढे चिकटवून दाखवते. कर्नलचे म्हणणे खरे असते, फक्त ते कोणत्या फाइलबद्दल आहे हे आपल्याला कळत नाही.

तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण जी कमांड देतो ती बहुधा शेल स्क्रिप्ट असते आणि मूळ प्रोग्रॅम आत कुठेतरी खोल डिरेक्टरीत असतो. फाइलचा प्रकार सांगणारी ‘फाइल’ ही कमांड स्क्रिप्टवर चालवून उपयोग नाही. ती आतल्या प्रोग्रॅमवर चालवावी, म्हणजे तो ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा हे एका ओळीत समजते. लोडरच नसेल तर प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी ‘एलडीडी’ ही कमांडसुद्धा ‘हा डायनॅमिक प्रोग्रॅम नाही’ असे सांगून दिशाभूल करते. लोडर बसवल्यावर मात्र ती कोणत्या लायब्ऱ्या सापडत नाहीत याची यादी देते. त्या यादीतील काही नावे रीडरच्या स्वतःच्या लायब्ऱ्यांची असतात. त्यांचा मार्ग सुरुवातीची स्क्रिप्ट ठरवून देत असल्याने त्यांची काळजी करू नये. जीटीके २ आणि लिबएक्सएमएल २ या लायब्ऱ्यांची ३२ बिटची पॅकेजे तेवढी बहुतेक वेळा हाताने बसवावी लागतात. डेबियन घराण्यातील वितरणांवर त्याआधी ‘आय३८६’ (३२ बिट इंटेल) हे आर्किटेक्चर डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला सांगून पॅकेजांची यादी ताजी करून घ्यावी, नाहीतर पॅकेजच सापडत नाही आणि आपण नावातील चूक शोधत बसतो.

रीडर सुरू होताना टर्मिनलवर ‘थीम इंजिन सापडले नाही’ अशा इशाऱ्यांची रांग लागली, तर तिकडे खुशाल दुर्लक्ष करावे. त्याने खिडकी थोडी जुनाट दिसते, कामात काहीही बिघडत नाही.

उत्तर २

वरील उत्तर अचूक आहे, परंतु मुळात रीडर शोधण्याआधी फाइल तपासायला हवी होती असे माझे मत आहे. पॉपलर या पीडीएफ लायब्ररीच्या साधनांमध्ये ‘पीडीएफइन्फो’ नावाची कमांड असते. ती या फाइलवर चालवावी आणि तिच्या उत्तरातील ‘फॉर्म’ ही ओळ पाहावी. तेथे ‘ॲक्रोफॉर्म’ (पीडीएफचा नेहमीचा फॉर्म) असेल तर ऑक्युलर पुरेसे आहे. तेथे ‘एक्सएफए’ असेल, आणि आपल्या वर्णनावरून ते असणारच, तर तो वेगळाच प्रकार आहे.

एक्सएफए हे पीडीएफच्या पोटात ठेवलेले एक्सएमएल, म्हणजे खुणांनी रचना सांगणारा मजकूर, असते. जेटफॉर्म या कंपनीने हे तंत्र तयार करून १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे मांडले, २००२ मध्ये ती कंपनी ॲडोबीकडे आली आणि पीडीएफ १.५ पासून ते या स्वरूपात सामावले गेले. डायनॅमिक एक्सएफए फॉर्ममध्ये पाने आधीपासून आखलेली नसतात; रीडर तो एक्सएमएल आराखडा वाचून पाने जागच्या जागी रचतो, म्हणूनच अशा फॉर्ममध्ये तक्त्याची ओळ वाढवली की पुढचा मजकूर आपोआप खाली सरकतो. खऱ्या अर्थाने पीडीएफ असलेले पान या फाइलमध्ये एकच असते, आणि ते म्हणजे आपल्याला दिसलेले ‘थांबा’ म्हणणारे पान. ऑक्युलरने चूक केली नाही, त्याला जे पान सापडले ते त्याने प्रामाणिकपणे दाखवले. त्यापुढे दहा मिनिटे काय आणि दहा तास काय, काहीच घडणार नव्हते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीडीएफ २.० या मानकाने एक्सएफए कालबाह्य ठरवले आहे, तरीही जुने फॉर्म अजून फिरत असतात.

आता सेव्हविषयी. ॲडोबी रीडरच्या ९ क्रमांकाच्या मालिकेत भरलेला फॉर्म जतन करण्याची मुभा रीडरच्या हाती नव्हती, ती फाइलमध्ये असे. फॉर्म तयार करणाऱ्याने त्या फाइलला विशेष वापर-अधिकार दिलेले असतील तरच जतन करता येई. एरवी फक्त छपाई. हे अधिकार डिजिटल सहीच्या रूपात फाइलमध्ये असतात. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल नव्याने लिहिली, मग ते आकार कमी करण्यासाठी असो वा पासवर्ड काढण्यासाठी, की सही जुळेनाशी होते आणि अधिकार रद्द होतात. अशा वेळी रीडर फाइल उघडतानाच, दस्तऐवजात बदल झाल्यामुळे वाढीव सुविधा आता मिळणार नाहीत, अशी सूचना देतो.

म्हणून आपल्याला विचारतो : रीडरमध्ये उघडलेली फाइल संस्थेकडून आली तशीच होती, की मध्ये तिच्यावर काही प्रक्रिया केली होती?

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

‘पीडीएफइन्फो’ने ‘एक्सएफए’ असेच सांगितले.

फाइल मूळ नव्हती, हे कबूल करतो. ऑक्युलरमध्ये एकच पान दिसल्यामुळे फाइल खराब झाली असावी असे वाटून मी ती ‘क्यूपीडीएफ’ या पीडीएफ दुरुस्त करणाऱ्या साधनातून नव्याने लिहून घेतली होती आणि पुढे तीच प्रत वापरत राहिलो. रीडर उघडताना एक लांबलचक सूचना आली होती खरी. ती न वाचताच मी बंद केली. मूळ फाइल ईमेलमध्ये अजून आहे.

उत्तर २ (पुढे चालू)

मग निम्मे काम झाले. मूळ फाइलची एक प्रत घ्यावी, मूळ फाइल केवळ वाचता येईल अशा परवानगीने बाजूला ठेवावी आणि ती प्रत सर्वांत आधी फायरफॉक्समध्ये उघडून पाहावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ९३ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सच्या अंगभूत पीडीएफ दर्शकाला एक्सएफए फॉर्म दाखवता येतात, भरता येतात आणि भरलेली प्रत उतरवूनही घेता येते. त्यात अडचण एवढीच, की फॉर्ममधील स्क्रिप्ट तेथे चालत नाहीत. आपोआप होणारी बेरीज, ओळ वाढवण्याचे बटण, एका उत्तरावरून पुढचा भाग उघडणे, असे काही त्या फॉर्ममध्ये असेल तर ते निपचित पडून राहते.

तसे आढळल्यास अर्धा फॉर्म फायरफॉक्समध्ये आणि उरलेला जुन्या रीडरमध्ये असा उद्योग करू नये. फायरफॉक्सने लिहिलेली फाइल ही बदललेली फाइल असते आणि वर सांगितलेली सहीची भानगड पुन्हा उभी राहू शकते. सरळ नवीन प्रत घेऊन संपूर्ण फॉर्म एकाच ठिकाणी भरावा.

आणखी एक. प्रिंट टू पीडीएफ करून जी प्रत मिळते ती आपल्या संग्रहासाठी ठेवावी, संस्थेला पाठवू नये. तिच्यात केवळ पानांचे चित्रण उरते आणि एक्सएमएल माहिती निघून जाते. समोरच्या बाजूला ती माहिती एखादा प्रोग्रॅम उचलून घेत असेल, तर त्याला आपला फॉर्म कोरा वाटेल.

उत्तर ३

जुन्या रीडरच्या सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

लिनक्ससाठीच्या ॲडोबी रीडरची शेवटची आवृत्ती ९.५.५ ही २०१३ सालची आहे. त्यानंतर पीडीएफ रीडरांमध्ये जी सुरक्षाछिद्रे सापडली, त्यांचे कोणतेही निराकरण तिच्यात नाही. त्यामुळे तिला नेहमीचा पीडीएफ रीडर करू नये, फाइल व्यवस्थापकात पीडीएफ उघडण्याचा मान ऑक्युलरकडे किंवा एव्हिन्सकडेच ठेवावा आणि ईमेलमधून आलेल्या अनोळखी फाइलसाठी तर हा रीडर मुळीच वापरू नये.

जावास्क्रिप्ट बंद ठेवावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि एरवी तो योग्यही आहे. येथे मात्र पंचाईत अशी, की ज्या स्क्रिप्टसाठी आपण हा रीडर वापरतो आहोत, त्याच त्यामुळे बंद पडतात. मी त्याऐवजी नेटवर्क तोडणे पसंत करतो. ‘फायरजेल’ या प्रोग्रॅमला वेगळ्या कुंपणात चालवणाऱ्या साधनात नेटवर्क नाकारण्याचा पर्याय देऊन आणि घरच्या डिरेक्टरीऐवजी फक्त तो फॉर्म ठेवलेली एक वेगळी डिरेक्टरी नेमून रीडर सुरू केला, की त्याला आपल्या फाइलींपैकी त्या एका फॉर्मशिवाय काही दिसत नाही आणि बाहेर काही पाठवताही येत नाही. फॉर्ममध्येच ‘ईमेलने पाठवा’ असे बटण असेल तर ते अर्थातच चालणार नाही. फाइल जतन करून आपली आपण पाठवावी.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमधून रीडरची विंडोज आवृत्ती चालवण्याचा मार्गही आहे. विंडोजच्या रीडरमध्ये प्रोटेक्टेड मोड नावाची संरक्षक चौकट असते, ती वाइनमध्ये अनेकदा चालत नाही आणि रजिस्ट्रीतून बंद करावी लागते. म्हणजे नव्या आवृत्तीचे जे मुख्य संरक्षण, तेच आपण काढून टाकतो. हे लक्षात घेता एका फॉर्मसाठी मी वाइनच्या वाटेला गेलो नसतो.

जाता जाता, इनपुट मेथडबद्दल, म्हणजे मराठीसारख्या लिप्या टाइप करण्याच्या व्यवस्थेबद्दल. आयबससारख्या व्यवस्थेतून टाइप केलेली अक्षरे जुन्या रीडरमध्ये उमटत नसतील, तर दोष फॉर्मचा नसतो. ३२ बिटच्या जीटीके २ साठी इनपुट मेथडचे वेगळे ३२ बिटचे मॉड्यूल लागते. ते न मिळाल्यास जीटीकेच्या इनपुट मेथडचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘एक्सआयएम’ असे ठेवून रीडर सुरू करून पाहावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मूळ फाइलची प्रत फायरफॉक्समध्ये उघडली. अकराही पाने दिसली, परंतु चौथ्या पानावरील तक्त्यात ओळ वाढवण्याचे बटण दाबून काहीच होईना आणि मला तेथे तीन नोंदी द्यायच्या होत्या. त्यामुळे ती प्रत पुसून टाकली, दुसरी घेतली आणि नेटवर्क तोडून जुन्या रीडरमध्ये उघडली. या वेळी ती लांबलचक सूचना आली नाही. एक पान भरल्यावरच जतन करून, रीडर बंद करून, फाइल पुन्हा उघडून पाहिली. मजकूर जागेवर होता. मगच उरलेली दहा पाने भरली. तक्त्याची ओळ वाढवल्यावर खालचा मजकूर सरकत पुढच्या पानावर गेला आणि फॉर्म बारा पानांचा झाला, तेव्हा उत्तर २ मधील पाने रचण्याचा मुद्दा नीट समजला.

भरलेली फाइल ऑक्युलरमध्ये उघडली असता ते अजूनही ‘थांबा’ असेच म्हणते. संस्थेला पाठवताना, फाइल कोणत्या रीडरमध्ये उघडावी हे ईमेलमध्ये लिहिले आहे.