मदत हवी आहे: पॉवर बीआयमध्ये आरएलएस (रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे प्रत्येकाला त्याच्याच ओळी दाखवायची सोय) लावूनही सगळ्या विभागांचे आकडे दिसतात

नमस्कार मंडळी,

चार दिवस अडकलोय. आमच्याकडे विक्रीचा एकच रिपोर्ट सगळे विभागप्रमुख बघतात, आणि प्रत्येकाला फक्त स्वतःच्या विभागाचे आकडे दिसायला हवेत. त्यासाठी ईमेल आणि विभाग अशा दोन कॉलमचं टेबल केलं आणि रोलमध्ये फिल्टर लावला: [ईमेल] = यूजरप्रिन्सिपलनेम() (हे फंक्शन रिपोर्ट बघणाऱ्याचं यूपीएन, म्हणजे लॉगिनचं नाव देतं). एका विभागाला दोन प्रमुख असू शकतात, म्हणून रिलेशनशिप दोन्ही दिशांनी ठेवली आणि सिक्युरिटी फिल्टरही दोन्ही दिशांनी लागू करायची खूण केली आहे.

डेस्कटॉपवर 'व्ह्यू अ‍ॅज'मध्ये कोणाचाही ईमेल टाकला तरी बरोबर दिसतं. पब्लिश केल्यावर मात्र नागपूरच्या प्रमुखांना पुण्या-नाशिकसकट सगळं दिसतंय आणि कोल्हापूरच्या मॅडमना रिपोर्ट कोरा. सर्व्हिसमध्ये (पॉवर बीआयच्या वेबसाइटवर) जाऊन दोघांनाही रोलमध्ये घातलंय. यात इन्सेंटिव्हचेही आकडे आहेत, त्यामुळे सध्या रिपोर्ट बंद ठेवलाय. एकाच फिल्टरची दोन उलटी लक्षणं कशी?

प्रतिसाद १

ही दोन वेगळी दुखणी आहेत. नागपूरकरांना वर्कस्पेसमध्ये, म्हणजे रिपोर्ट ठेवलेल्या सामायिक जागेत, कोणता रोल दिलाय (आरएलएसचा नव्हे)? अ‍ॅडमिन, मेंबर किंवा काँट्रिब्यूटर असेल तर आरएलएस त्यांना लागूच होत नाही, कारण त्यांना मॉडेल (रिपोर्टमागचा डेटा) बदलायचा अधिकार असतो. फक्त व्ह्यूअर ठेवा, नाहीतर वर्कस्पेसमधून काढून अ‍ॅपमधून रिपोर्ट द्या.

मॅडमचं वेगळं. यूपीएन आणि ईमेल एकच असतात असं नाही. यूजरप्रिन्सिपलनेम() चा एक मेजर (सूत्र) करून रिपोर्टवर कार्डमध्ये टाका आणि त्यांना स्वतःच्या लॉगिनने उघडायला सांगा. तुम्ही 'व्ह्यू अ‍ॅज'मध्ये टेबलातलाच ईमेल टाकत होतात, तो जुळणारच.

धागाकर्ता

दोन्ही बरोबर निघालं! नागपूरच्या सरांना स्वतःचे चार्ट करायचे होते, म्हणून मीच काँट्रिब्यूटर केलं होतं. आणि मॅडमचा ईमेल लग्नानंतर नव्या आडनावाचा झाला, पण कार्डवर जुन्याच आडनावाचा पत्ता आला. आता आयटीकडून सगळ्यांचे यूपीएन मागवून टेबल नव्याने भरतो. पण सरांच्या चार्टचं काय करू?

प्रतिसाद २

त्यांना मॉडेलवर फक्त बिल्ड परवानगी (त्या डेटावरून स्वतःचे रिपोर्ट करायची मुभा) द्या आणि चार्टसाठी वेगळं वर्कस्पेस. बिल्डमध्ये आरएलएस लागू राहतं. आधी मूळ वर्कस्पेसमधला काँट्रिब्यूटर मात्र आठवणीने काढा.