कोयना १९६० मेगावॉटचं, मग युनिट इतकी कमी का?

प्रश्न – शिकाऊ_इलेक्ट्रिकल
कोयना जलविद्युत केंद्राची स्थापित क्षमता १९६० मेगावॉट. २४ तासांनी गुणलं तर दिवसाला ४ कोटी ७० लाख युनिट निघायला हवीत. वर्षाचा पीएलएफ (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष निर्मिती) मात्र २० टक्क्यांच्या आसपासच दिसतो. यंत्रं जुनी झाली म्हणून का?

टेलरेस
यंत्रांचा दोष नाही, पाण्याचा हिशेब आहे. मेगावॉट म्हणजे वेग, युनिट म्हणजे काम. १ घनमीटर पाणी ४८० मीटर खाली आलं की सुमारे १.१५ युनिट मिळतात (कार्यक्षमता ८८ टक्के धरून). १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, म्हणजे सव्वातीन कोटी युनिट. तेच पाणी खालच्या कोळकेवाडी जलाशयातून तिसऱ्या टप्प्यात (टप्पा म्हणजे वेगळं वीजघर) आणखी शंभरेक मीटर उतरतं, म्हणून ४ कोटी धरा.

कृष्णा लवादानं (राज्यांमध्ये कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या) पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसीच दिलंय. गुणा: वर्षाला २७० कोटी युनिट. पूर्ण क्षमतेनं वर्षभर चालवायचं तर १७१७ कोटी लागतील. म्हणजे १६ टक्के. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा एकदम सोडले तर हा कोटा दोन महिनेही पुरणार नाही!

बॉयलरवाला
चंद्रपूरच्या कोळसा केंद्राशी (२९२० मेगावॉट) तुलना करताना एवढं लक्षात ठेवा: तिथे इंधन विकत मिळतं. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर तासाला साधारण ३५० टन कोळसा खातो. पण भार ५५ टक्क्यांखाली नेला की ज्योत डळमळते, तेल जाळून आधार द्यावा लागतो. थंड बॉयलर पेटवून ग्रिडवर यायला कित्येक तास जातात. शिवाय पीएलएफ जनरेटरच्या टोकाला मोजतात. पंखे, मिल, फीड पंप यांत ६-७ टक्के आतच जातात. जलविद्युतमध्ये हा खर्च नगण्य.

शिकाऊ_इलेक्ट्रिकल
मग पाणी तेवढंच असताना चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॉट कशाला बसवले, सर?

टेलरेस
नेमका प्रश्न. त्या ४ × २५० मेगावॉटनं पाणी थेंबभरही वाढवलं नाही, तेच पाणी संध्याकाळच्या चार-पाच तासांत झपाट्यानं वापरायची सोय केली. मागणी वाढून ग्रिडची वारंवारता (असायला हवी ५० हर्ट्झ) ४९.९० हर्ट्झच्या खाली घसरली की काही मिनिटांत शेकडो मेगावॉट देणारं दुसरं काय आहे? तुमच्या कोळशाच्या संचाला ते जमणार नाही, बॉयलरवाले. २०१२ च्या दुसऱ्या लेक टॅपिंगनंतर (जलाशयाच्या पाण्याखाली बोगदा फोडून पाणी घेणं) तर जलाशय आणखी खाली गेला तरी हा टप्पा चालतो.

म्हणून अशा केंद्राकडे पीएलएफऐवजी उपलब्धता बघा: मागितल्या क्षणी संच तयार होता की नाही. ९० टक्के उपलब्धता आणि १६ टक्के पीएलएफ एकाच वेळी असू शकतं. आणि तक्ते वाचताना एमयू म्हणजे १० लाख युनिट. १०० एमयूचे १० कोटी होतात, तिथे शून्य हमखास गळतं.