शिया बटर ७० टक्के घेतलं की साबणाची वडी भुसभुशीत का होते?

अबोली_साबण
कोल्ड प्रोसेसने (साबण न शिजवता) ५०० ग्रॅम तेलांचा घाणा केला. रिफाइंड शिया बटर ३५० ग्रॅम, खोबरेल १००, एरंडेल ५०. सुपरफॅट (साबण न होता मोकळं राहणारं तेल) ८ टक्के धरून कॉस्टिक सोडा ६४ ग्रॅम, पाणी १९० ग्रॅम. तेलं आणि लाय (पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक) दोन्ही ३५ अंशांवर आल्यावर एकत्र केली. ब्लेंडर फिरवल्यावर मिनिटभरातच मिश्रण इतकं घट्ट झालं की साच्यात थापावं लागलं. दीड दिवसाने कापताना कडा तुटल्या. आत पांढरे ठिपके आहेत, वरच्या बाजूला पांढरी भुकटी. वजनकाटा तपासलाय, बरोबर आहे.
ठिपके कॉस्टिकचे असतील का? घाणा वापरता येईल का? शिया भरपूर ठेवूनच वडी नीट यायला हवी असेल तर काय बदलू? फेसही वाढला तर हवाय.

लाय_जपून
आधी हिशेब. ग्रॅममागे शियाला ०.१२८, खोबरेलाला ०.१८३ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक लागतं. तुमच्या वजनांना ४४.८ + १८.३ + ६.४ = ६९.५ ग्रॅम. त्यातून ८ टक्के वजा केले की ६४ उरतात. कॉस्टिक जास्त पडलेलं नाही. घोळ तापमानात आहे.

शियात स्टिअरिक आम्ल (चरबी कडक करणारा घटक) साधारण ४० टक्के असतं. ३५ अंशांवर शिया थिजायच्या बेताला आलेलं असतं. त्यात लाय पडून ब्लेंडर फिरला की मिश्रण घट्ट होतं, पण ते साबण बनल्यामुळे नव्हे, चरबी गोठल्यामुळे. साबण बनू लागून मिश्रण दाट होतं त्याला ट्रेस म्हणतात, हा मात्र फॉल्स ट्रेस, म्हणजे खोटा. शंका आली तर पातेलं गरम पाण्यात धरून मिश्रण ५० अंशांपर्यंत न्या. ते परत पातळ झालं तर ट्रेस खोटा होता. खरा ट्रेस गरम केल्याने मोडत नाही.

पुढच्या वेळी शिया ६५ अंशांपर्यंत नेऊन पूर्ण वितळवा, एकही कण राहू देऊ नका. मग बाकीची तेलं घाला आणि सगळं ५० अंशांच्या आसपास असताना तेवढ्याच तापमानाची लाय ओता. ब्लेंडर ३-४ सेकंदच चालवायचा, मध्ये उलथन्याने ढवळायचं. तेलाची तार दिसेनाशी झाली की लगेच साच्यात. जास्त शियाच्या घाण्यात दाट ट्रेसची वाट बघत बसू नये.

आता ठिपके. आधी नख लावून पाहा. कडक, खड्यासारखे किंवा पाणी सुटलेले असतील तर ते कॉस्टिक धरून चाला आणि जिभेजवळ नेऊ नका. मेणचट असतील तर ओलं बोट त्यावर घासून जिभेच्या टोकाला जरासं लावा. जिभेला विजेसारखा झटका बसला नाही तर ते स्टिअरिकचे ठिपके, निरुपद्रवी.

वडी_आणि_साचा
तापमानाबद्दल वरचं सगळं बरोबर, पण कडा तुटायला आणखी दोन कारणं आहेत. दीड दिवस म्हणजे उशीर. शियाची वडी फार लवकर कडक होते. १२ तासांनंतर नख रुततंय का ते बघत राहा, रुततंय तोवरच कापा. शिवाय अर्धवट थिजलेलं मिश्रण थापल्यामुळे आत हवेच्या पोकळ्या राहिल्या असणार. सुरी तिथेच अडकते.

वरची भुकटी म्हणजे सोडा अॅश, कॉस्टिकला हवा लागून वर बनलेला पांढरा थर. पाणी जास्त आणि मिश्रण थंड, म्हणून ती आली. ६४ ग्रॅमला १९० म्हणजे जवळजवळ तिप्पट पाणी झालं. दुप्पट पुरे. साचा टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हणजे आतली उष्णता टिकते. पण माथ्यावर चीर पडायला लागली तर टॉवेल काढा.

सुपरफॅट ८ नको. साबण न होणारा भाग शियात मुळातच इतर तेलांपेक्षा बराच जास्त असतो. त्यावर ८ टक्के मोकळं तेल ठेवलं की फेस दबतो. ४-५ ठेवा.

७० टक्क्यांवरच राहायचं असेल तर शिया ३५०, खोबरेल १२५, एरंडेल २५ ग्रॅम. ४ टक्के सुपरफॅटला कॉस्टिक ६८ ग्रॅम, पाणी १३६.
माझी पसंती मात्र ५० टक्क्यांना: शिया २५०, खोबरेल १२५, ऑलिव्ह ९०, एरंडेल ३५ ग्रॅम. ५ टक्के सुपरफॅटला कॉस्टिक ६८च येतं, पाणीही तेवढंच. ऑलिव्हऐवजी राइस ब्रान चालेल, आकडा जवळपास तोच. साधं सूर्यफूल नको, पुढे वडीवर नारिंगी डाग पडून खवट वास येतो.

फेसासाठी ५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवा आणि मगच कॉस्टिक घाला. साखरेने लाय जास्त तापते, तेव्हा पाणी थंड घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर ५ ग्रॅम सायट्रिक आम्लही त्याच पाण्यात, पण त्याच्यासाठी ३ ग्रॅम कॉस्टिक वाढवायचं. ते विसरलं तर सुपरफॅट चढतो.

लाय_जपून
एक भर: कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही नाही. अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे, चष्मा हवेतच. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा ओल शोषतो, मग काट्यावर ६८ दिसलं तरी प्रत्यक्षात कॉस्टिक कमी पडतं. तुंबलेली मोरी साफ करायची पावडर तर अजिबात घेऊ नका.

अबोली_साबण
ठिपके मेणचट आहेत, झटकाही नाही. मग वितळवून परत ओतायची गरज नाही ना? आणि शियातला काही भाग काढून मुठेल (कोकमचं तेल) घातलं तर? गावाकडून येतं.

वडी_आणि_साचा
गरज नाही. वड्या हवेशीर जागी ६ आठवडे ठेवा आणि वापरा, ठिपके दिसतील एवढंच. भुकटी सुरीने खरवडून टाका.

रातांबा
मुठेल चालतं, पण जपून. कोकमच्या तेलात स्टिअरिक शियापेक्षाही जास्त, निम्म्याहून वर, त्यामुळे वडी आणखी ठिसूळ होते. ५०० ग्रॅमच्या घाण्यात ५० ग्रॅम शिया काढून तेवढं मुठेल घाला, त्यापुढे नको. त्याला ग्रॅममागे ०.१३५ कॉस्टिक लागतं, म्हणजे ५० ग्रॅममागे फरक अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. ६८ तसंच ठेवा. मिश्रण ५५ अंशांवर एकत्र करा. गावचं मुठेल असेल तर आधी वितळवून फडक्यातून गाळा. बियांचा गाळ राहिला तर वडीत करडे कण दिसतात आणि साबण लवकर खवटतो.