आईला उदास वाटत नाही, तरीही निदान नैराश्याचे कसे?

प्रश्न
गेल्या आठ महिन्यांपासून माझ्या आईची छाती जड होते, डोके तापल्यासारखे वाटते आणि दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. सर्व तपासण्यांत काहीच न आढळल्यामुळे आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. छापील प्रश्नावलीतील 'उदास वाटते का?' या प्रश्नाला तिने ठामपणे 'नाही' म्हटले, तरी निदान नैराश्याचे झाले. ती मला म्हणते, "मी कुठे रडते? कशात जीव रमत नाही, एवढंच." हे निदान चुकले आहे का?

पहिले उत्तर
चुकलेच असेल असे नाही. नैराश्याच्या निकषांत उदासीइतकेच 'कशातही रस न उरणे' हेही मुख्य लक्षण आहे आणि आई ते स्वतःच सांगत आहेत. मनाचा त्रास शरीराच्या शब्दांत सांगणे ही लपवाछपवी नव्हे. ती रीत अनेक समाजांत आढळते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात 'मज्जातंतूंचा थकवा' असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतील ८७ जण नैराश्याच्या निकषांत बसले (हा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला). औषधांनी पुष्कळांची लक्षणे कमी झाली, परंतु कामाच्या ठिकाणचे आणि घरातले ताण कायम राहिले, तिथे नुसत्या औषधाने भागले नाही. एका समाजात घडलेली निदानाची चौकट दुसऱ्या समाजावर जशीच्या तशी लादू नये, हा इशाराही त्यांनीच १९७७ मध्ये दिला होता.

दुसरे उत्तर
मी दवाखान्यात दुभाष्याचे काम करते. एक आजी म्हणाल्या होत्या, "विचारांचा भुंगा थांबत नाही," आणि मी घाईत त्याचे 'चिंता' असे भाषांतर केले. कागदावर तेवढेच उमटले. ती चूक मला अजून बोचते. झिंबाब्वेत शोना भाषेत अशाच त्रासाला 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणे, म्हणतात. हरारेत २००६ पासून प्रशिक्षित आज्या बाकावर बसून लोकांशी बोलतात, आणि तो उपक्रम लोकांचा हाच शब्द वापरतो. मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या (DSM) २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. स्वतःचा त्रास घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल, हे तीत सुरुवातीलाच विचारतात. तुमच्या डॉक्टरांना ती घेण्याची विनंती अवश्य करा.

तिसरे उत्तर
वरील सर्व मान्य, पण 'आमच्याकडे असेच बोलतात' म्हणून उपचार लांबवू नका. जेवण तुटले, झोप उडाली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे आले, तर शब्दांची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. काल मी आईला 'काय होतं?' असे न विचारता 'या त्रासाला तू काय म्हणतेस?' असे विचारले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आत साठलंय." हे शब्द मी तसेच चिठ्ठीवर लिहून ठेवले आहेत, गुरुवारच्या भेटीत ती चिठ्ठी डॉक्टरांना देईन.