नाव नसलं तर आधार दाखवा? (सोसायटी ग्रुप, १७ ऑक्टोबर २०२४)

ए-२०३ (काका): ⏩ अनेकदा फॉरवर्ड केलेला
सर्व मतदारांसाठी महत्त्वाचे!! यादीत नाव नसेल तर घाबरू नका. आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९अ प्रमाणे 'चॅलेंज व्होट' मागा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर 'टेंडर व्होट' मागा. १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट पडले तर त्या केंद्रावर फेरमतदान होते. आपल्या लोकांची नावे मुद्दाम कापली जात आहेत. जागे व्हा, सर्व ग्रुपवर पाठवा.

सी-५०१: 🙏 उपयुक्त. दोन ग्रुपवर टाकला.

बी-१०२: कालच्या कोजागिरीचं मोठं पातेलं कोणाकडे राहिलंय? केटरर मागतोय.

डी-३०४ (ताई): काका, हा मेसेज लोकसभेच्या वेळीही फिरत होता. नाव यादीत नसेल तर आधार दाखवून मत देता येत नाही. निवडणुकीचे १९६१ चे नियम आहेत, त्यातला ४९अ हा मतदान यंत्राची रचना कशी असावी याबद्दल आहे. चॅलेंजचा त्यात शब्दही नाही.

ए-२०३ (काका): माझ्या भाच्याने पाठवलाय. तो वकील आहे.

डी-३०४ (ताई): भाचा हुशार असेलच. पण मेसेजवर दोन बाण दिसतायत ना, म्हणजे निदान पाच हात फिरून आलाय. त्याने लिहिलेला नाही, त्यालाही कुणीतरी ढकललाय.

बी-७०३: मग चॅलेंज व्होट असं काही नसतंच का? नाव तर ऐकलंय.

डी-३०४ (ताई): असतं, पण उलटं. समोरचा माणूस खरा मतदार नाही असं उमेदवाराच्या पोलिंग एजंटला वाटलं तर तो २ रुपये भरून हरकत घेतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. हरकत उगाच घेतली असेल तर २ रुपये गेले. म्हणजे चॅलेंज मतदाराला होतं, मतदार करत नाही.
टेंडर मत मात्र खरं आहे, नियम ४९प. आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेला असेल तर आपल्याला कागदी मतपत्रिका मिळते. यंत्राचं बटण नाही दाबायला मिळत. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि मोजणीत धरत नाहीत. राजस्थानात २००८ च्या विधानसभेला नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने पडले, तेव्हा टेंडर मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १४ टक्के हा आकडा नियमात कुठेही नाही.

ए-६०१: मी मे महिन्यात हेच करून बघितलं. खिशात आधार, वर मतदार ओळखपत्रसुद्धा. केंद्राध्यक्ष म्हणाले, "साहेब, यादीत नाव दाखवा." विषय संपला. उन्हात दीड तास उभा होतो तो वेगळाच.

सेक्रेटरी: ग्रुपवर राजकीय पोस्ट नकोत असं जनरल बॉडीत ठरलंय. काका, मेसेज डिलीट करावा ही विनंती. ताई, तुम्हीही आता थांबा.

डी-३०४ (ताई): साहेब, शेवटची ओळ राजकीय आहे, मान्य. 'आपले लोक' म्हणजे कोण ते मेसेज सांगत नाही, ज्याने त्याने आपापलं घालायचं. म्हणून तो सगळ्यांकडे चालतो. माझ्या माहेरच्या ग्रुपवर तोच मजकूर आलाय, फक्त शेवटी राग दुसऱ्यांवर आहे. पण यादीत नाव आहे का हे विचारणं राजकारण कसं?

बी-७०३: पण ताई, नावं जातात हे तर खरंय ना? ए-६०१ चं गेलंच की.

डी-३०४ (ताई): जातात, कोण नाही म्हणतंय? फॉर्म ७ भरून दुसऱ्याच्या नावावर हरकत घेता येते, घर बंद दिसलं की माणूस स्थलांतरित धरला जातो, काही वेळा शुद्ध हलगर्जीपणा. म्हणून तर हा मेसेज वाईट. खऱ्या तक्रारीला खोटा उपाय चिकटवलाय. वाचणारा चिडतो, पुढे पाठवतो आणि २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानापर्यंत निवांत बसतो, आधार आहेच म्हणून. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. नावनोंदणीचा अर्ज त्याच्या दहा दिवस आधी जायला हवा. म्हणजे परवा, शनिवारी १९ तारखेला दार बंद.

सी-५०१: अरे बापरे. परवा??

ए-६०१: माझा नावनोंदणीचा फॉर्म ६ गणपतीतच भरून झाला. काल ॲपवर नाव दिसलं 😌

सी-५०१: आम्ही चिंचवडहून आलो दोन वर्षांपूर्वी. नाव तिकडेच आहे.

डी-३०४ (ताई): मग नवीन नोंदणी नको, फॉर्म ८. २०२२ पासून पत्ता बदलायलाही तोच चालतो. व्होटर हेल्पलाइन ॲपवरून होतो, अडलं तर १९५० ला फोन. आणि ज्या दोन ग्रुपवर तो मेसेज टाकलात तिथे हेही टाका बरं.

सी-५०१: टाकते. ओळखपत्राचा नंबर शोधते आधी.

ए-२०३ (काका): डिलीट केला. भाच्याला फोन केला होता. म्हणाला, "मी वाचलाच नव्हता मामा, नुसता पाठवला." 🙄 ताई, आमच्या दोघांची नावं बघून देता का? मला ॲपचं जमत नाही.

डी-३०४ (ताई): देते काका, ओळखपत्रांचे फोटो मला वेगळे पाठवा, इथे ग्रुपवर नको.

सेक्रेटरी: ठीक. उद्या सायंकाळी ७ ला क्लब हाऊस उघडं ठेवतो. ज्यांना नाव तपासायचंय किंवा फॉर्म भरायचाय त्यांनी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेऊन या. मदतीला कॉलेजची दोन-तीन मुलं लागतील. कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता आत नको, बिल्ला असो वा नसो.

बी-७०३: माझी मुलगी येईल. तिचाच फॉर्म ६ राहिलाय, ऑगस्टमध्ये १८ झाली.

डी-१०१: आम्ही भाड्याने राहतो. आमचं चालेल का? मालक सही देत नाहीत.

डी-३०४ (ताई): चालतं. मालकाची सही लागत नाही. नोंदणी केलेला भाडेकरार आणा, नसेल तर या पत्त्याचं बँक पासबुक.

बी-१०२: पातेलं??